तलावाला कंबरपट्टा कसा घालावा

आपल्या वॉर्डात तलाव असणं ही पूर्वजन्मीची पुण्याई. नदी असली तर पूररेषा आडवी येते, समुद्र असला तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम. तलाव बिचारा एका जागी पडून असतो आणि त्याला चारही बाजूंनी काठ असतो. तेव्हा तुम्ही नव्याने निवडून आला असाल किंवा तिकिटाच्या आशेवर असाल, तर वेळ न दवडता तलावाभोवती जॉगिंग ट्रॅक जाहीर करून टाका. जोडीला सायकल ट्रॅक हवाच. सायकल आली की प्रकल्प आपोआप पर्यावरणपूरक होतो, मग तो थेट पाण्यात का घालेनात.

पाण्यातच घालावा लागतो, याची मनाची तयारी ठेवा. मुंबईच्या पवई तलावाचंच बघा, तिथे महापालिकेने असाच ट्रॅक घालायला घेतला. रस्त्याच्या बाजूला फिरायला पदपथ आधीपासून होता. पण पदपथ नुसता असून भागत नाही, तो वाढवता आला पाहिजे, पूर्ण फेरी झाली पाहिजे, सुमारे 10 किलोमीटरची. आता एका बाजूला जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड, दुसरीकडे आयआयटी, पलीकडे पंचतारांकित हॉटेल. जमीन प्रत्येकाने आपापली धरलेली. या सगळ्या भानगडीत एकच असामी अशी होती की जिने कुंपण घातलं नव्हतं, वकील दिला नव्हता आणि जिच्या सोसायटीची वार्षिक सभाही होत नाही. ती म्हणजे तलाव. जागा त्याच्याकडूनच घ्यायची.

कशी घ्यायची, तर गॅबियन पद्धतीने. म्हणजे तारेच्या जाळीच्या पेट्यांत दगड भरायचे आणि त्या काठाच्या पाण्यात रचायच्या. कोणी ‘भराव घालताय का’ असं विचारलं तर दुखावल्यासारखा चेहरा करून सांगायचं, की छे, हे सच्छिद्र आहे, यातून पाणी झिरपतं. पाण्याच्या जागी दगड आले, पण भराव नाही! हे वाक्य आरशासमोर दहा वेळा म्हणून बघा. न हसता म्हणता आलं की समजा प्रशासकीय मान्यतेइतकी तयारी झाली.

आता मगरींविषयी. पवईत मगरी आहेत, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. मगरीची एक वाईट खोड आहे. ती राहते पाण्यात, पण अंडी घालायला तिला काठाची माती लागते, उन्हं खायलाही काठच लागतो. खोल पाणी तिला दिलं तरी समाधान नाही. पाणपक्ष्यांचंही तेच, माशांच्या पिलांचंही तेच. तलावातलं निम्मं जगणं चालतं ते मधल्या निळ्या भागात नव्हे, तर काठच्या चिखलात, लव्हाळ्यात, गुडघाभर पाण्यात. म्हणजे नेमकं तिथं, जिथं तुमचा ट्रॅक जाणार. यावर उपाय सोपा आहे. ट्रॅकवर मगरीचं मोठं फायबरचं शिल्प बसवा, शेजारी सेल्फी पॉइंट करा. खऱ्या मगरीला जबडा उघडा ठेवून दिवसभर बसायला सांगितलं असतं तर तिने ऐकलं असतं का?

कायद्याचा अभ्यासही थोडा करून ठेवावा, कारण या देशात कोणी ना कोणी वाचत बसलेलं असतंच. 2017 च्या पाणथळ नियमांत पिण्याच्या पाण्यासाठी माणसाने बांधलेले जलाशय व्याख्येतून वगळलेले आहेत. पवई इंग्रजांच्या काळी, 1891 च्या सुमारास, मुंबईला पाणी पाजायलाच बांधला. म्हणजे काम झालं. फक्त एवढं सांभाळा, की त्याच दमात कोणी ते पाणी प्यायला मागू नये. पवईचं पाणी पिण्यालायक नाही, ते उद्योगांना आणि आरे वसाहतीला जातं. जुन्या नळाच्या पुण्याईवर पाणथळीतून सूट घ्यायची आणि आजच्या वासापुरतं नाक बंद ठेवायचं. नागपूरच्या फुटाळा तलावात संगीत कारंजी बसवली, त्यालाही मानवनिर्मित असण्याचा फायदा पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत मिळाला. भोसल्यांनी खणला तेव्हा त्यांच्या मनात ही कारंजी असणारच.

वासाचा विषय निघालाच आहे तर एक ताकीद. तलावात सांडपाणी येतं, त्यावर जलपर्णी माजते, हे सगळ्यांना दिसतं. तुमचा एखादा उत्साही कनिष्ठ अभियंता म्हणेल, साहेब, आधी गटारं वळवू. त्याची ताबडतोब दुसऱ्या खात्यात बदली करा. मलवाहिनी जमिनीखालून जाते. तिच्यावर कोणी चालत नाही, तिच्या बाजूला दिवे लागत नाहीत, तिचं उद्घाटन करायला पाहुणा मिळत नाही. जलपर्णी मात्र राहू द्या. दरवर्षी काढायचं काम निघतं आणि लांबून फोटोत ती हिरवळीसारखी दिसते.

काठावर आधीपासून असलेल्या लोकांचं काय, असंही कोणी विचारेल. गळ टाकून बसणारे, आरेच्या अंगाला राहणारे पाड्यांतले आदिवासी. त्यांना प्रकल्पात जरूर सामावून घ्या, चित्रात घ्या. सल्लागाराच्या सादरीकरणात तसेही एक गोरे कुटुंब, दोन कुत्रे आणि एक लाल फुगा असतोच, कोपऱ्यात एखादा गळवाला मावेल. प्रत्यक्षात गेटची वेळ सकाळी सहा ते नऊ ठेवली की प्रश्न आपसूक सुटतो. वरच्या मजल्यांवरच्या ‘लेक व्ह्यू’वाल्या मंडळींना मात्र मनापासून विचारा. त्यांना चालायला ट्रॅक हवाच असतो, गाडी लावायला जागा मिळाली तर.

आता अडचणीचा भाग. 2021 मध्ये पवईचं काम सुरू झालं आणि आयआयटीतले विद्यार्थी न्यायालयात गेले. (अभ्यास सोडून तलाव बघत बसतात ही मुलं. शिक्षणाचा दर्जा घसरला म्हणतात तो असा.) पर्यावरणवादी संस्थाही गेली. 6 मे 2022 रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती मकरंद कर्णिक यांच्या खंडपीठाने ट्रॅक बेकायदा ठरवला, पुढचं काम थांबवायला सांगितलं, आणि झालेलं बांधकाम काढून जागा पूर्ववत करा असा आदेश दिला.

तुमच्यावर ही वेळ आली तर खचू नका. आदेश नीट वाचा. त्यात आणखी एक काम दडलेलं आहे. घालायचं एक टेंडर, काढायचं दुसरं. दगड तेच, डंपर तेच, रस्ता तोच, फक्त दिशा उलटी. खरी खुबी पूर्ववत करण्यात आहे, आणि तिची तयारी पहिल्या दिवसापासून हवी. काम सुरू करण्याआधी काठावर किती पाणवनस्पती होत्या, मगरीची घरटी कुठे होती, उथळ पाणी कुठवर येत होतं, याची एकही नोंद करू देऊ नका. एक फोटोसुद्धा नको. पुढे कधी पाहणी झालीच, तर काठावर मुरूम ओतून, वर चार बोगनवेली लावून छातीठोकपणे सांगता येतं, की साहेब, अगदी असंच होतं.