फुलाखालचे बोंडही चौकटीत हवे

‘काळ्या पार्श्वभूमीवर एकटे फूल टिपले की कॅक्टसचे छायाचित्र पूर्ण होते’ हे लेखातील विधान मला पटले नाही. आपल्याकडे माळरानावर, शेताच्या बांधावर वाढलेला फड्या निवडुंग मुळचा अमेरिका खंडातला. त्याचे फूल मी अनेक उन्हाळे टिपत आलो आहे. पाकळ्यांखालचा हिरवा, कुसळांचे झुबके असलेला भाग म्हणजे देठ नव्हे, तर पुढे लाल बोंड होणारा बीजांडकोश आहे, आणि तोच चौकटीबाहेर ठेवला तर पाहणाऱ्याला हे फूल कॅक्टसचे आहे याची खूणही उरत नाही.

वेळेचा उल्लेखही लेखात हवा होता. सकाळी पिवळे असलेले फूल कोमेजताना नारिंगी होते, त्यामुळे दोन्ही अवस्था शेजारी ठेवल्याखेरीज त्याचा रंग सांगता येत नाही. शिवाय मधमाशी आत शिरताच पुंकेसर हळूहळू मधल्या जाड, हिरव्या कुक्षीकडे झुकतात. फोकस बदलत अनेक फ्रेम घेऊन त्या जोडणाऱ्यांची प्रतिमा इथेच बिघडते. मला मात्र ही हालचाल दाखवणारी, किंचित कमी रेखीव छायाचित्रेच अधिक सुंदर वाटतात.