मामाची कार्बाइन

बंदोबस्ताला आलेल्या पोलिसाच्या खांद्यावर काहीतरी आखूड, काळं, भोकाभोकांच्या नळीचं दिसलं की आपल्याकडे सगळे म्हणतात 'स्टेनगन'. पेपरवालेही वर्षानुवर्षं तेच छापत आले. ती बहुतेक वेळा स्टर्लिंग असते. आपली '९ एमएम कार्बाइन', कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत बनलेली. स्टेन वेगळी, स्टर्लिंगच्या आधीची, गरीबाघरची. हा फरक मी लग्नाच्या पंगतीत समजावलाय, गणपतीच्या मिरवणुकीत समजावलाय, एकदा तर एका आमदारांच्या अंगरक्षकालाच समजावला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, जरा पुढे सरका."

तर कबुली देऊन टाकतो. मला आखूड बंदुकांचं वेड आहे. मटणाच्या दुकानात मी तोंड फिरवून उभा राहतो, शिकार तर लांबच. लांब नळीची, दुर्बिणीची स्नायपर रायफल बघून माझं काही हलत नाही. पण लष्कराच्या शस्त्रप्रदर्शनात टेबलावर कार्बाइन मांडलेली दिसली की मागची रांग ओरडेपर्यंत मी तिथून हलत नाही.

याचं मूळ मामा. मामा मराठा लाइट इन्फंट्रीत वायरलेस ऑपरेटर होता. पाठीवर सेट आणि छातीशी कार्बाइन. लहानपणी आम्ही विचारायचो, "मामा, तुझ्याकडे मोठी बंदूक का नव्हती?" आम्हाला वाटायचं त्याला कमी दर्जाची दिली. तो म्हणायचा, "अरे, ज्याचं खरं काम दुसरंच असतं ना, त्याची बंदूक ती."

पुढे कितीतरी वाचलं, पण याहून नेमकी व्याख्या मला कुठे सापडली नाही. ड्रायव्हर, रणगाड्यातला क्रू, सिग्नलवाला, तोफखान्यातला, अंगरक्षक. यांचे हात आधीच कशात तरी गुंतलेले असतात. चार किलोंच्या वर वजनाची, मीटरभराहून लांब एसएलआर, म्हणजे तेव्हाची आपल्या सैनिकांची नेहमीची रायफल, घेऊन जीपमध्ये चढून बघा, दारातच अडकेल. स्टर्लिंग पावणेतीन किलोंच्या आसपास, आणि दस्ता दुमडला की जेमतेम अर्ध्या मीटरची. कार्बाइन हा प्रकारही मुळात घोडेस्वारांचा. घोड्यावर लांब बंदूक सांभाळायची कशी, म्हणून नळी आखूड केली. आपल्या जुन्या मराठीत तिला 'कराबीन' असा ठसकेबाज शब्द होता, तो आपण का टाकून दिला देव जाणे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सर्वात जास्त बनवलेलं पायदळी हत्यार कोणतं? नावाजलेली गॅरंड रायफल नव्हे. एम१ कार्बाइन, साठ लाखांहून जास्त. ज्यांना पिस्तुलाने नीट नेम धरता येत नव्हता आणि रायफल वागवणं जड जात होतं, अशा मागच्या फळीतल्या माणसांसाठी मुख्यतः ती काढली होती.

स्टेनची गोष्ट तर मला एखाद्या कारखानदाराच्या गोष्टीसारखी वाटते. १९४० मध्ये डंकर्कच्या किनाऱ्यावर ब्रिटिश सैन्य जीव वाचवून परतलं, पण शस्त्रांचे ढीग मागे टाकून. अमेरिकेची थॉम्प्सन मिळत होती, पण महाग आणि वजनाने अडदांड. मग शेपर्ड आणि टर्पिन या दोघांनी एन्फिल्डच्या सरकारी शस्त्रकारखान्यात बसून पत्रा ठोकून, नळ्या कापून, वेल्डिंग करून भागेल असं काहीतरी काढलं. दोघांची आद्याक्षरं आणि एन्फिल्डचं 'एन', झाली स्टेन. लहान लहान वर्कशॉपांत सुटे भाग बनले आणि युद्धभरात चाळीस लाखांच्या आसपास तयार झाल्या. दिसायला प्लंबरने उरलेल्या पाइपात केलेलं काम. सैनिकांनी तिला ठेवलेली नावं इथे लिहिण्यासारखी नाहीत.

तिने दगाही दिला. २७ मे १९४२, प्राग. नाझी अधिकारी हायड्रिखची उघडी मोटार वळणावर मंदावली, त्याला मारायला आलेला योझेफ गाब्चिक समोर उभा राहिला, चाप ओढला आणि स्टेन चाललीच नाही. सोबतच्या यान कुबिशने बॉम्ब फेकला म्हणून काम झालं. त्या जखमांनी हायड्रिख आठ दिवसांनी मेला. इतिहास वाचताना माझं मन दर वेळी त्या न सुटलेल्या गोळीपाशी थांबतं.

आता थोडं यंत्राचं, कंटाळा आला तर एक परिच्छेद गाळा. स्टेन, स्टर्लिंग, इस्राएलची उझी या सगळ्या 'ओपन बोल्ट'च्या. म्हणजे गोळी झाडायच्या आधी आतला जड लोखंडी बोल्ट मागे ओढलेला असतो. चाप ओढला की तो पुढे धावतो, वाटेत मॅगझिनमधलं काडतूस उचलतो, नळीत ढकलतो आणि तिथेच उडवतो. फार काही कुलूपकिल्ली नाही, बोल्टचं वजन हेच कुलूप. म्हणून स्वस्त, म्हणून सुटसुटीत. पण एवढा गोळा पुढे धावताना बंदूक हिसकते आणि पहिल्या गोळीचा नेम हलतो. शिवाय भरलेली स्टेन खाली पडली तर झटक्याने बोल्ट मागे जाऊन आपोआप गोळी सुटायची.

स्टर्लिंगचा कर्ता जॉर्ज पॅचेट. ब्रिटिश फौजेने ती १९५३ मध्ये घेतली. त्याने बोल्टवर तिरक्या धारा काढल्या, आत शिरलेली माती बोल्ट स्वतःच खरवडून बाहेर टाकतो. मॅगझिन ३४ गोळ्यांचं, बाकदार, डाव्या बाजूला आडवं. आडवं असल्यामुळे जमिनीला चिकटून पडता येतं. मामाचं मत वेगळं. "ज्याने ते आडवं केलं ना, त्याला पाठीवर सेट देऊन जीपच्या मागच्या सीटवर बसवायला पाहिजे होतं. बरगड्या विचार माझ्या."

मग आली जर्मनांची एमपी५. काडतूस तेच ९ एमएम, पण बोल्ट आधीच बंद आणि छोट्या रोलरांनी क्षणभर अडवून धरलेला, त्यामुळे चाप ओढताना काही हलत नाही. ५ मे १९८० ला लंडनमधल्या इराणी वकिलातीत ब्रिटिशांची कमांडो तुकडी एसएएस घुसली, तेव्हा टीव्हीवर जगाने काळे कपडे, गॅसमास्क आणि ही बंदूक एकत्र पाहिली. तिथून पुढे प्रत्येक देशाच्या कमांडोला ती हवीशी झाली. २६/११ ला ताजमध्ये आपले एनएसजीवाले तीच घेऊन शिरले होते. समोर एके रायफली होत्या. खोलीत, जिन्यात आखूड शस्त्र बरं, पण पिस्तुलाचं काडतूस ते पिस्तुलाचंच. रायफलच्या गोळीचा जोर त्याला कुठून येणार?

म्हणून माझं मत विचाराल तर सबमशीनगनचे, म्हणजे पिस्तुलाचं काडतूस भराभर झाडणाऱ्या या सगळ्या आखूड बंदुकांचे, दिवस सरलेत. चांगलं चिलखत ९ एमएमला भीक घालत नाही. आता रायफलचंच काडतूस घेऊन नळी कापतात, अमेरिकेच्या एम४ सारखी, साडेचौदा इंच. त्यातही सौदा आहेच. नळी जितकी आखूड तितका गोळीचा वेग कमी, आवाज आणि भडका मात्र दांडगा. 'छोटी आणि तेवढीच जबरदस्त' असं व्हिडिओत सांगणाऱ्यांना हे कुणी विचारत नाही. आखूडपणा कधीच फुकट मिळत नाही, आणि मला वाटतं मला आवडतं ते हेच, काय सोडलं आणि काय राखलं ते त्या वस्तूवर उघडं दिसतं.

आपल्या फौजेची कार्बाइन मात्र सरकारी फायलींत म्हातारी झाली. २०१८ मध्ये अमिरातीच्या कंपनीची कार्बाइन निवडली, ९३,८९५ नग, तातडीची खरेदी म्हणून! २०२० मध्ये ती रद्द. २०२२ मध्ये चार लाखांना नव्याने मंजुरी, आणि २०२५ च्या अगदी अखेरीस सव्वाचार लाखांचा करार. त्यातल्या अडीच लाखांहून जास्त पुण्याची भारत फोर्ज करणार, आराखडा पाषाणच्या एआरडीईचा, म्हणजे डीआरडीओच्या शस्त्रसंशोधन संस्थेचा. पुणेकर म्हणून छाती फुगली, खोटं कशाला बोलू. तरी बाजूला ठेवलेल्या पेपरांच्या कात्रणांकडे बघून एवढंच वाटतं, 'तातडी' या शब्दाचा अर्थ संरक्षण खात्याने एकदा शब्दकोशात बघावा.

याच एआरडीईच्या मदतीने लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांनी 'अस्मी' नावाची ९ एमएम बंदूक चार महिन्यांत उभी केली, २०२१ मध्ये ती जाहीर झाली, आणि २०२४ मध्ये लष्कराच्या उत्तर कमांडने ५५० मागवल्या. अधिकृत पत्रकात 'अस्मी'चा अर्थ अभिमान, स्वाभिमान, कष्ट असा दिला होता. आमच्या संस्कृतच्या बाई असत्या तर लाल शाई घेऊन बसल्या असत्या. 'अस्मि' म्हणजे 'आहे मी'. मला हा अर्थ जास्त आवडतो.

परवा मामाला मोबाइलवर अस्मीचा फोटो दाखवला. आता ऐंशीला टेकलाय. चष्मा कपाळावर सारून, दोन बोटांनी फोटो मोठा करून बराच वेळ बघत होता. मला वाटलं काहीतरी जुनं आठवलं. मग म्हणाला, "मॅगझिन खालून आहे होय! बरं केलं. आता पोरांना जीपमध्ये नीट बसता येईल."