धर्माच्या नावाने कायद्यातून सूट मिळत नाही

मराठवाड्यातल्या भावकीच्या आणि भजनी मंडळांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. संविधानाच्या कलम २५ ने धर्माला कायद्याच्या वर ठेवले आहे, असा त्याचा मुख्य दावा आहे. त्यावरून पुढे सांगितले आहे की सप्ताहाच्या भोंग्याला वेळेचे बंधन नाही, धर्मस्थळ कोठेही बांधले तरी पाडता येत नाही, जादूटोणाविरोधी कायद्याने वारी आणि नवसही गुन्हा ठरवला आहे, सरकार केवळ हिंदूंचीच देवळे ताब्यात घेते, आणि साप चावलेल्या माणसाला मारुतीच्या पारावर नेऊन मंत्राने विष उतरवणे हा धर्माचार असल्यामुळे त्यात कोणी आडवे येऊ शकत नाही. गंगाखेड तालुक्यात राहणाऱ्या माझ्या आत्याने हा संदेश मला पाठवला आणि खाली विचारले, "मग ती आशाताई आमाला उगंच भेव दाखविती का रे?" आशाताई म्हणजे गावातली आशा आरोग्य कार्यकर्ती; साप चावला की थेट दवाखान्यात जा, असे ती सांगते. आत्याच्या त्या एका प्रश्नामुळे गप्प बसणे अशक्य झाले.

कलम २५ पासूनच सुरुवात करू, कारण संदेश लिहिणाऱ्याने ते पूर्ण वाचलेले नाही किंवा वाचून दडवले आहे. या कलमाची सुरुवातच अटीने होते. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य आणि मूलभूत हक्कांच्या भागातील इतर तरतुदी यांच्या अधीन राहून धर्म पाळण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क सर्वांना सारखाच आहे, असे ते म्हणते. धर्माचरणाशी निगडित असलेल्या आर्थिक, राजकीय किंवा इतर ऐहिक व्यवहारांचे नियमन करण्याचा आणि समाजसुधारणेसाठी कायदे करण्याचा अधिकार त्याच कलमाचा दुसरा भाग राज्याला देतो. हिंदूंची सार्वजनिक स्वरूपाची देवळे सर्व जातींना खुली करण्याची तरतूदही तेथेच आहे. श्रद्धेचे स्वातंत्र्य माणसाला आहे. श्रद्धेचे नाव दिले म्हणून कोणत्याही कृतीला माफी नाही.

आता सर्वांत घातक मुद्दा, साप चावल्यावर मंत्राने विष उतरवण्याचा. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाल्यानंतर काही दिवसांतच त्याचा अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. पूजाअर्चा, प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, भजन, नवस, उपवास, इतकेच काय, लहान मुलांचे कान टोचणेही या कायद्याच्या कक्षेबाहेर असल्याचे त्यातच स्पष्ट लिहिलेले आहे. वारी बंद होणार, ही आवई त्या वेळी उठली होती, आणि इतक्या आषाढी पार पडल्यानंतरही ती पुन्हा उठवली जाते, याचा संताप येतो. कायद्याने गुन्हा ठरवले आहे ते असे: कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखणे आणि त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे. दोष सिद्ध झाल्यास सहा महिने ते सात वर्षे कैद होऊ शकते.

हे कलम का लागले, ते शेतात राबणाऱ्यांना सांगावे लागू नये. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिच्या दंशाची जागा पुष्कळदा दिसतही नाही, फारशी आग होत नाही. नंतर पोटात कळ येते, पापण्या जड होऊन मिटू लागतात आणि अखेर श्वासाचे स्नायू लुळे पडतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारी एकच प्रतिविषाची लस सरकारी दवाखान्यांत दिली जाते. पण ती वेळेत टोचली तरच तिचा उपयोग. मांत्रिकाच्या हाताला गुण येतो असे लोकांना वाटते, त्याचेही कारण आहे: धामणीसारख्या बिनविषारी सापाच्या चाव्याने कोणी दगावत नाही, आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असे नाही. असा माणूस पारावर बसूनही बरा होतो आणि मंत्राचा लौकिक वाढतो. मण्यार चावलेल्याचे मात्र तेवढ्यात हातचे तास निघून जातात. दवाखान्यात पोहोचल्यावर मारुतीला नारळ फोडायला कोणाचीच हरकत नाही. आत्याची आशाताई बरोबर सांगते आहे.

भोंग्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत आणि ते सर्व धर्मांना लागू आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, एवढीच सूट आहे. इतरांची शांतता मोडून प्रार्थना करा असे कोणताही धर्म सांगत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली एका चर्चच्या प्रकरणात म्हटले होते. आणि रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागेत मंदिर, मशीद, चर्च, गुरुद्वारा यांच्या नावाने नवे अनधिकृत बांधकाम होऊ देऊ नये, असा त्याच न्यायालयाचा २००९ चा आदेश आहे.

देवळांच्या मुद्द्यात काही तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. तुळजापूरच्या मंदिर संस्थानचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे असते, आणि सनदी अधिकाऱ्याने देवस्थान चालवावे का, हा प्रश्न रास्त आहे. परंतु 'केवळ हिंदूंची' हा शब्दप्रयोग खोटा आहे. १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा देवळाप्रमाणे चर्चच्या विश्वस्तांनाही लागू होतो, आणि वक्फच्या मिळकतींसाठी कायद्याने नेमलेले मंडळ आहे, ज्याचे मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला पाणचक्कीत आहे. व्यवस्था वेगवेगळ्या आहेत. त्या एकसारख्या कराव्यात अशी मागणी कोणी केली तर मी तिच्या बाजूने उभा राहीन. हा संदेश मात्र नियमांतून सुटका मागतो, आणि तीही धर्माच्या नावाने. ती सुटका कोणाला द्यायची हे सत्ताधाऱ्याच्या मर्जीवर राहिले की काय होते, ते या प्रदेशाने निजामाच्या राज्यात पाहिले आहे. धर्माचरणावरील बंधनांविरुद्ध आर्य समाजाला १९३८-३९ मध्ये हैदराबाद संस्थानात सत्याग्रह करावा लागला होता, तो याच कारणाने.