‘सगळा फोल्डर सोडून द्या’ : जेल रोडवाले यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘जेल रोडवाले’, नमस्कार.

मराठी टायपिंगच्या प्रोग्रामला अँटिव्हायरसने व्हायरस ठरवलं तर काय करावं, या माझ्या लेखावर आपण लिहिलंत: “भिया, हे घरात बसून पोथी सांगणं झालं. दुकानात गिऱ्हाईक डोक्यावर उभं असतं. सगळा फोल्डर एक्स्क्लूजनमध्ये टाकायचा, दोन मिनिटांत काम सुरू. कंपनीवाले लायसन विकायला घाबरवतात. आणि विंडोज ७ बद्दल एक ओळ नाही.”

विंडोज ७ बद्दल ओळ नाही, मान्य. लेख लांबला, तेही मान्य. पण ‘घरात बसून’ हे कुठून काढलंत? इंदुरात रामबाग ते राजवाडा या पट्ट्यातल्या छापखान्यांत, टायपिंगच्या दुकानांत आणि कर-सल्लागारांच्या ऑफिसांत हेच कॉम्प्युटर मी वर्षानुवर्षं सांभाळतो आहे. डोक्यावर उभं असलेलं गिऱ्हाईक मला आपल्याकडून समजून घ्यायचं नाही. मतभेद जरूर मांडा, पण समोरचा काय काम करतो हे विचारल्याशिवाय त्याला पोथीवाला म्हणणं बरं नव्हे.

आता ‘सगळा फोल्डर’ या वाक्याकडे येतो, कारण लोक ते वाचून तसंच करतील. एक्स्क्लूजन म्हणजे ‘हे तपासू नको’ अशी अँटिव्हायरसला सांगितलेली सूट.

कुठला फोल्डर? टायपिंगचे हे छोटे प्रोग्राम बहुधा डाउनलोड्समध्ये, डेस्कटॉपवर नाहीतर थेट पेन ड्राइव्हवर पडलेले असतात. डाउनलोड्सला सूट दिली की व्हॉट्सॲप वेबवरून उतरवलेली फाइल, मेलमधली झिप, सगळं न तपासता आत. डिफेंडरमध्ये, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसमध्ये, फोल्डरची सूट आतल्या सगळ्या उपफोल्डरांना लागू होते, आणि तिला मुदत नसते. गणेशोत्सवाची स्मरणिका छापून होते, सूट पुढच्या गणपतीपर्यंत तशीच. त्यात छापखान्यात कामाचा फोल्डर नेटवर्कवर शेअर केलेला असतो, ‘एव्हरीवन’ला पूर्ण परवानगी देऊन, कारण पलीकडच्या टेबलावरही फाइल उघडायला हवी. एका कॉम्प्युटरला लागण झाली की ती दुसऱ्यात शिरणार ती नेमकी जिथे पहारा उठवलाय तिथून. शिवाय व्हायरस लिहिणारे ही सूट-यादी शोधतातच. २०२२च्या सुरुवातीपर्यंत डिफेंडरची यादी रजिस्ट्रीतून (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातून) साध्या खात्यालाही वाचता येत होती. मायक्रोसॉफ्टने मग ती ॲडमिनपुरती, म्हणजे पूर्ण अधिकाराच्या खात्यापुरती ठेवली. आपल्याकडे किती दुकानांत ॲडमिनशिवाय वेगळं खातं असतं, हे तुम्हीच सांगा.

काही जण सूट देताना फोल्डरऐवजी ‘प्रोसेस’ (चालू प्रोग्राम) निवडतात. त्याचा परिणाम भलताच होतो: तो प्रोग्राम ज्या फाइली उघडेल त्या तपासल्या जात नाहीत, आणि प्रोग्रामची स्वतःची फाइल मात्र तपासली जाते. म्हणजे धोका वाढला आणि इशारा जागच्या जागी.

एकाच फाइलला सूट द्या, हे मी लेखातही लिहिलं होतं. तुम्ही तिथवर वाचलेलं दिसत नाही. त्यातही एक मेख आहे. फाइलची सूट तिच्या जागेवरून आणि नावावरून ठरते, आत काय आहे त्यावरून नव्हे. त्याच जागी त्याच नावाची दुसरी फाइल ठेवली तर तिलाही सूट मिळते. म्हणून प्रोग्राम आधी ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये हलवायचा, जिथे ॲडमिनच्या परवानगीशिवाय काही बदलता येत नाही, आणि तिथल्या त्या फाइलला सूट द्यायची. टायपिस्टला रोजच्या कामासाठी साधं खातं द्यायचं.

हे करण्याआधी इशारा खरा की खोटा ते ठरवावं लागतं. टायपिंगचे प्रोग्राम पकडले जातात याला कारण आहे. रेमिंग्टन (जुन्या टाइपरायटरच्या) पद्धतीने टाइप करता यावं म्हणून ते प्रत्येक कळ विंडोजच्या आधी स्वतः पकडतात, आणि पासवर्ड चोरणारा कीलॉगरही तेच करतो. वर हे प्रोग्राम अनेकदा ऑटोहॉटकी या स्क्रिप्टच्या भाषेत लिहून ईएक्सई (थेट चालणारी फाइल) केलेले, डिजिटल सही नसलेले, मोजक्याच लोकांकडे असलेले. अँटिव्हायरसला संशय येणारच. जमलं तर ईएक्सईऐवजी मूळ स्क्रिप्ट चालवा. ती नोटपॅडमध्ये उघडून वाचता तरी येते. (विंडोज १० मध्ये २०१९ पासून मराठीचा फोनेटिक कीबोर्ड आहे, पण रेमिंग्टनवर हात बसलेल्याला त्याचा उपयोग नाही.)

डिफेंडरच्या प्रोटेक्शन हिस्टरीत इशाऱ्याचं पूर्ण नाव बघा. शेवटी ‘!एमएल’ असेल तर तो मशीन लर्निंगचा अंदाज आहे. ‘जेन’ किंवा ‘ह्यूर’ असेल तर साधर्म्यावरून धरलेला संशय. व्हायरसच्या नेमक्या कुळाचं नाव असेल तर हात लावू नका. फाइल क्वारंटाइनमध्येच (अँटिव्हायरसच्या कोठडीत) राहू द्या, डिलीट करू नका. बनवणाऱ्याच्या साइटवर शा-२५६ हॅश (फाइलच्या आतल्या मजकुरावरून निघणारा ठसा) दिलेला असेल तर पॉवरशेलच्या गेट-फाइलहॅश कमांडने ताज्या डाउनलोडचा हॅश काढून ती ६४ अक्षरं जुळवा. तोच हॅश व्हायरसटोटल या, एकच फाइल अनेक अँटिव्हायरसांकडून तपासणाऱ्या साइटवर शोधा. हॅशच शोधा, फाइल चढवू नका. तिथे चढवलेली फाइल इतरांच्या हाती जाऊ शकते, आणि गिऱ्हाइकाच्या पॅन क्रमांकांची एक्सेल फाइल तर कधीच चढवू नका. तिथल्या सत्तरेक अँटिव्हायरस इंजिनांपैकी दोन-तीनच ओरडत असतील आणि तीही मोघम नावांनी, तर इशारा बहुधा खोटा. मग डेफिनिशन (अँटिव्हायरसची व्हायरस ओळखायची यादी) अपडेट करून पुन्हा स्कॅन करा. कितीदा इथेच प्रश्न मिटतो. नाही मिटला तर मायक्रोसॉफ्टच्या सबमिशन पानावर ‘चुकीने पकडली’ असं निवडून फाइल पाठवा आणि तोवर वर सांगितलेली एका फाइलची सूट द्या. यातलं काय गिऱ्हाइकासमोर जमत नाही?

‘ओळखीचा प्रोग्राम आहे, काय तपासायचं’ हा भाव तुमच्या प्रतिक्रियेत ओळीओळीला आहे. २०१७ मध्ये कॉम्प्युटर साफ करणाऱ्या सीक्लीनर प्रोग्रामच्या ५.३३ आवृत्तीत व्हायरस होता आणि त्यावर कंपनीची खरी सही होती. मार्च २०२३ मध्ये थ्रीसीएक्स या फोन-प्रोग्रामवर अँटिव्हायरसचे इशारे आले, काहींना ते खोटे वाटले, आणि अपडेटमध्ये खरोखरच घुसखोरी निघाली. सगळा फोल्डर सोडून देणाऱ्याला हे कळलंच नसतं.

लायसन विकायला घाबरवतात, म्हणे. डिफेंडर फुकट आहे. खोट्या इशाऱ्यात कंपनीचीच लाज जाते: २१ एप्रिल २०१० ला मॅकाफीने विंडोज एक्सपीची एसव्हीसीहोस्ट ही गरजेची फाइल व्हायरस समजून उडवली आणि कॉम्प्युटर पुन्हापुन्हा रीस्टार्ट होत राहिले. यावर याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

विंडोज ७ चं सांगायचं तर १४ जानेवारी २०२० ला त्याचा सपोर्ट संपला. त्यावर गिऱ्हाइकाच्या पेन ड्राइव्ह लावत असाल तर सूट कुठे द्यायची हा प्रश्न नंतरचा. आधी तो कॉम्प्युटर नेटवर्कवरून काढा.

दुकान उघडल्यावर विंडोज सिक्युरिटीत एक्स्क्लूजनची यादी बघा. सी ड्राइव्ह, डाउनलोड्स, डेस्कटॉप किंवा पेन ड्राइव्हचं ‘ई’ तिथे दिसलं तर त्या नोंदी काढून एकदा फुल स्कॅन लावा. काय सापडलं ते इथे लिहा, मी उत्तर देईन.