पुस्तकात पाच आहेत

'एक क्लिनिकल इन्स्ट्रक्टर' या नावाने लिहिणाऱ्या ताई,

तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, हे आधीच सांगून टाकते.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: नर्सिंग कॉलेजच्या स्टाफरूममधली मदत आणि एथिक्स यांबद्दल लिहिताना मी आमच्या एका ट्यूटरचं कौतुक केलं होतं. प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी ड्युटी संपल्यावर ती साडेसातपर्यंत थांबली आणि चार मुलींकडून मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, प्रोसिजर घोटून घेतल्या. विषय तिचा नव्हता. ज्या मॅडमचा होता त्या बाळंतपणाच्या रजेवर होत्या. त्यावर तुम्ही लिहिलंत, "याला माणुसकी नाही, फुकट राबवणं म्हणतात. जागा भरायची नाही आणि जी नवी, जी बिनलग्नाची, तिच्या गळ्यात घालायचं. वर तुमच्यासारख्या सीनियरनी लेख पाडायचे. ज्याला त्याला नेमून दिलेलं तेवढंच करू द्या. आणि एथिक्स म्हणजे वेळेवर येणं अन् गोड बोलणं, एवढंच का?"

जागेबद्दल तुमचं शंभर टक्के खरं. 26 आठवड्यांची रजा 2017 पासून कायद्यात आहे आणि बाळंतपण काही आदल्या रात्री ठरत नाही. सहा महिने आधी कळलेल्या गोष्टीला 'ऐनवेळची अडचण' म्हणायचं आणि ती उरलेल्यांच्या चांगुलपणावर निभावून न्यायची, ही आपल्याकडची रीतच झाली आहे. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हा निकष तेवढ्यापुरता फक्त कागदावर राहतो.

तुमच्या बाजूने आणखी एक मुद्दा मीच देते. मी ज्या संकल्पनेचा आधार घेतला होता ती डेनिस ऑर्गन यांची: 'ऑर्गनायझेशनल सिटिझनशिप बिहेवियर', म्हणजे नेमून दिलेल्या कामापलीकडे जाऊन सहकाऱ्यांना आणि संस्थेला केलेली मदत. 1988 साली त्यांनी अशा वागण्याची व्याख्या केली तेव्हा त्यात या दोन अटीही होत्या: ते स्वतःच्या मर्जीने केलेलं असावं आणि त्याचा थेट मोबदला ठरलेला नसावा. 1997 मध्ये त्यांनीच या अटी सैल केल्या, कारण प्रत्यक्षात लोकांना ते कामाचाच भाग वाटत होतं आणि साहेब मंडळी ते हिशेबात धरतही होती. पुढे 2006 मध्ये इस्रायलचे एरान विगोदा-गादोत यांनी 'सक्तीचं' असं चांगलं वागणंही असतं हे सविस्तर मांडलं. म्हणजे तुमच्या स्टाफरूममध्ये जे चालतं त्याला शास्त्रात नाव आहे. माझ्या लेखात ते यायला हवं होतं, आलं नाही.

पण 'नेमून दिलेलं तेवढंच' हे मला पटत नाही. पहिल्या वर्षाची पोरगी पहिलं इंजेक्शन द्यायला उभी राहते, हात थरथरतो, पेशंट तिच्याकडे बघत असतो. तिची इन्स्ट्रक्टर वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्या मुलीपाशी अडकलेली. अशा वेळी शेजारच्या बॅचच्या मॅडम नुसत्या येऊन बाजूला उभ्या राहिल्या तरी काम होतं. हे कुठल्या टाइमटेबलात बसवणार?

आता एथिक्स. तुम्ही टोमणा मारलात, पण बोट बरोबर जागी ठेवलंत. म्हणून लेखात जे टाळलं ते इथे लिहिते.

काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका कॉलेजात होते तेव्हा, एक सहकारी लॉगबुकांचा गठ्ठा घेऊन माझ्याकडे आल्या. लॉगबुक म्हणजे मुलीने कुठली प्रोसिजर किती वेळा केली ते नोंदवायचं पुस्तक, नोंदीपुढे शिक्षिकेची सही लागते. दीपप्रज्वलनाच्या कार्यक्रमाच्या तयारीत त्यांच्या मुलींचे पोस्टिंगचे बरेच दिवस गेले होते, प्रोसिजरचे आकडे भरत नव्हते आणि इंटर्नल मार्क दुसऱ्या दिवशी पाठवायचे होते. "मॅडम, निम्म्या सह्या तुम्ही करा ना, सगळ्या माझ्याच बऱ्या दिसत नाहीत." बाई अडलेली होती. मी चहा मागवला आणि बसून सह्या केल्या. तारखासुद्धा विचार करून टाकल्या, रविवार येऊ नये म्हणून.

त्यातलीच एक मुलगी नंतर इंटर्नशिपला माझ्या वॉर्डात आली. एका आजींना कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घालायचा होता. ट्रे नीट मांडला, निर्जंतुक ग्लोव्हज नीट घातले, आणि आजींना सरकवताना तोच हात बेडच्या रेलिंगवर टेकवला. तिच्या लक्षातही आलं नाही. त्याच हाताने ती कॅथेटर उचलणार, तेवढ्यात मी "थांब" म्हटलं. ती गोंधळून बघत राहिली. बाहेर नेऊन विचारलं, आतापर्यंत किती केलेस? तर म्हणाली, "पुस्तकात पाच आहेत, मॅडम."

पाचातल्या तीन ओळींपुढे माझी सही होती.

ताई, ऑर्गन यांच्या मोजपट्टीवर त्या संध्याकाळी मी पैकीच्या पैकी ठरले असते बघा. अडलेल्या सहकाऱ्याला हात दिला, कुरकुर केली नाही, जादा वेळ थांबले, कॉलेजचं नाव राखलं. चारही बाबतीत उत्तम! आजींचा त्या मोजणीत कुठेच संबंध येत नाही. आपल्या स्टाफरूममध्ये 'सांभाळून घ्या' या दोन शब्दांखाली जे चालतं, हजेरी भरणं, न तपासलेल्या केअर प्लॅनवर टिक मारणं, त्यातलं बरंचसं या जातीचं आहे. आणि गंमत अशी की साडेसातपर्यंत थांबणारी मदत करायला लोक का-कू करतात, सही करणारी मदत मात्र हसत करतात. ती फुकट पडते ना.

त्यामुळे साडेसातपर्यंत थांबलेल्या त्या ट्यूटरचं काम मी आजही मोलाचंच मानते. ती थांबली नसती तर त्या चार मुलींच्याही पुस्तकात कुणीतरी आकडे भरले असते. फक्त तिच्यावर ती वेळ यायला नको होती, आणि आली तर दुसऱ्या दिवशी सुटी तिच्या नावावर जमा व्हायला हवी होती. ती मी मागितली नाही. लेख मात्र लिहिला.

तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर काल तिला विचारलं, तू खरंच मनाने थांबली होतीस का गं? ती म्हणाली, "मुलींसाठी थांबले, मॅडम. पण शेवटची बस गेली आणि रिक्षाला दोनशे रुपये मोजले. लेख वाचून आईला बरं वाटलं. रिक्षाचं कुणी विचारलं नाही."

दोनशे रुपये दिले. तिने आढेवेढे घेऊन घेतले. सुटीचा अर्ज प्राचार्यांकडे ठेवला आहे. आणि मूळ लेखात 'हसतमुखाने थांबली' असं होतं, त्यातला 'हसतमुखाने' खोडला आहे.