मोबाईल काढून घ्याल हो, पण घरात वाचून कोण दाखवणार?

सध्या आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच विषय चालू आहे, पोट्ट्यांच्या हातात मोबाईल द्यायचा का नाही. गाव दारव्ह्याकडचं, यवतमाळ जिल्हा. कोणीतरी पुसद तालुक्यातल्या बांशीचं उदाहरण काढलं, तिथल्या ग्रामसभेनं 2022 च्या नोव्हेंबरमध्ये 18 वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदीचा ठराव घेतला होता, आणि मग सगळेच म्हणायला लागले आपणही करून टाकू. त्यात एकानं पोस्ट टाकली, "फिनलंडनेसुद्धा शाळेत मोबाईल बंद केला!" आणि खाली मला टॅग, सांगा भाऊ, तुम्ही तर तिथंच राहता.

राहतो, आणि बातमी खरी आहे. 1 ऑगस्ट 2025 पासून इथं कायदा लागू झाला, तास चालू असताना शिक्षकांच्या परवानगीशिवाय मोबाईल वापरायचा नाही. पण त्या पोस्टमध्ये जे नाही ते जास्त महत्त्वाचं आहे. ह्याच देशात 2016 पासून जो अभ्यासक्रम चालू आहे त्यात बातमी, फोटो, व्हिडिओ, आकडे कसे वाचायचे हे वेगळा विषय म्हणून न ठेवता सगळ्या विषयांत घातलेलं आहे. माझी पोरगी सहावीत आहे. तिच्या गणिताच्या तासाला एकाच आकड्यांचे दोन आलेख दिले होते, एकाचा खालचा भाग कापलेला, म्हणून थोडीशी वाढ पार आभाळाला टेकल्यासारखी दिसत होती, आणि प्रश्न एवढाच की हा दुसरा आलेख कोणाला फायद्याचा आहे. चित्रकलेच्या तासाला एकाच फोटोचे दोन तुकडे, एकात पोलीस माणसाला ढकलून राहिले असं वाटतं, पूर्ण फोटो पाहिला तर तो माणूस घसरून पडला आणि पोलीस त्याला उचलून राहिले. भाषेच्या तासाला बातमी, संपादकाचं मत आणि बातमीसारखी दिसणारी जाहिरात असे तीन कागद, कोणता कोणता ते सांगा आणि कशावरून ते पण सांगा.

म्हणजे तासाला मोबाईल बाजूला ठेवणं आणि मोबाईलमधलं नीट वाचायला शिकवणं, दोन्ही एकाच शाळेत चालतं. आपल्या ग्रुपवर त्यातलं अर्धंच पोचलं. खोटं काहीच नव्हतं त्या पोस्टमध्ये, आणि तरीही ती वाचून माणूस चुकीच्याच निर्णयाला जातो, मला तर वाटते पोट्ट्यांना शिकवायला सुरुवातच ह्या पोस्टपासून करावी.

आता आपल्या घरातलं पाहू. आपल्याकडं मोबाईल वाचतो कोण? माझा पुतण्या नववीत आहे. आबाजींना अक्षरओळख नाही, वहिनीला मराठी येतं पण इंग्रजी मेसेज आला की ती हाक मारते, दादा वावरात. पीएम किसानचा हप्ता आला का, लाडकी बहीणची केवायसी कुठं करायची, पीक विम्याचा मेसेज खरा का खोटा, सगळं तोच वाचून दाखवते. त्या घराचा वाचणारा माणूस 14 वर्षांचा आहे. आणि तुम्ही ठराव काय घेऊन राहिले, तर त्याच्या हातातून मोबाईल काढा. काढला समजा, तर मेसेज यायचे थांबतील का? ते येतच राहणार, फक्त वाचणारा नसणार, आणि मग आबाजी जिथं बोट पडेल तिथं दाबणार.

दाबल्यावर काय होते हे सगळ्यांना माहीत आहे. पीएम किसानच्या नावानं ग्रुपमध्ये एपीके फाईल येते, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून थेट ॲप बसवणारी फाईल, दाबली की ॲप बसते, ॲप तुमचे एसएमएस वाचते, ओटीपी त्यांच्याकडं जाते आणि खातं साफ. पुतण्याला मी फोनवर एवढंच सांगितलं, बेटा, सरकारी साईटच्या पत्त्यात शेवटी गव्ह डॉट इन नाहीतर एनआयसी डॉट इन पाहायचं, ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्यायचं, व्हॉट्सॲपवर आलेली एपीके कोणीही पाठवलेली असो उघडायची नाही, अगदी सरपंचानं पाठवली तरी, कारण त्याचाच फोन हॅक झालेला असू शकतो. आणि पैसे गेलेच तर लाजत न बसता लगेच 1930 ला फोन. त्याला हे समजायला पाच मिनिटं लागली. शाळेत कोणी सांगितलं होतं का म्हटलं, तर "नाही काका".

पण फसवणुकीपेक्षा मला जास्त काळजी कापसाच्या भावाची वाटते, कारण तिथं कोणी चोर नसते आणि तरी घर बुडते. आठवून पाहा, 2022 च्या सुरुवातीला कापूस क्विंटलला दहा हजाराच्या वर गेला होता. पुढच्या हंगामात लोकांनी कापूस घरात भरून ठेवला, खोल्या भरल्या, लेकरांच्या अंगाला खाज सुटली, माणसं बाहेर ओसरीत झोपायची, कारण रोज कोणता ना कोणता व्हिडिओ सांगायचा की थांबा, बारा हजार होणार, पंधरा होणार. उन्हाळ्यापर्यंत भाव सात-साडेसात हजाराच्या आसपास आला. ते व्हिडिओ बनवणारे सगळे खोटारडे होते असं मी म्हणत नाही, बऱ्याच जणांना तसं खरंच वाटत असेल. पण "भाव आज इतका आहे" ही माहिती आणि "भाव इतका होईल" हा अंदाज, ह्यातला फरक नववीच्या पोट्ट्याला कळला पाहिजे. त्यानं बापाला विचारलं पाहिजे की हा माणूस कोणत्या बाजार समितीचा, कोणत्या तारखेचा भाव सांगून राहिला, व्हिडिओ जास्त लोकांनी पाहिला तर ह्याला पैसे मिळतात का, आणि आपण तसला एक व्हिडिओ पाहिला म्हणून यूट्यूब परत परत तसलेच पुढं आणून टाकते का. कारण आणते. दहा व्हिडिओ एकच गोष्ट सांगतात तेव्हा बाबाला वाटते दहा जणांचं एकमत आहे, आणि असते काय तर एकाच बोटाच्या दहा दाबण्या.

पिकावर फवारायच्या टॉनिकचंही तेच. पराटीच्या पोटात हात घालून बोंडं दाखवणारा भाऊ खरा कास्तकार असतो, वावर खरं असते, फक्त हातातल्या बाटलीचे पैसे त्याला कोणी दिले हे तो सांगत नाही. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची शिफारस त्या औषधाला आहे का, एवढा एक प्रश्न पोट्ट्यानं विचारला तर निम्मा बाजार बसेल.

युनेस्कोसारख्या संस्था शिकवताना तीन प्रकार सांगतात. कोणाचा वाईट हेतू नसताना पसरलेली चुकीची माहिती, मुद्दाम बनवलेली खोटी माहिती, आणि खरी माहिती पण कोणाचं वाटोळं करायला वापरलेली, जसे एखाद्या पोरीचे खासगी फोटो. पोट्ट्यांना हे तिन्ही वेगळे कळले पाहिजेत, कारण पहिल्या प्रकारातले लोक आपलेच असतात, काळजीनंच पाठवतात. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या अफवांमुळं मुलं पळवणारी टोळी समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ठार मारलं. तसले मेसेज पाठवणाऱ्यांत कितीतरी आया-बापच असणार, आपल्या लेकराची काळजी असलेले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली. कंपनीनं तेवढं केलं, आपल्या शाळेनं काय केलं?

ग्रुपवर ह्याला उत्तर ठरलेलं असते, भाऊ ते फिनलंड आहे. बरोबर आहे. 56 लाख लोकांचा देश, गावोगावी लायब्ररी, आणि इथं सरकारनं काही सांगितलं तर लोक आधी विश्वास ठेवतात. आपल्याकडं योजनेची तारीख बदलली हे तहसीलमधून कळायच्या आत तीन अफवा गावात फिरून येतात, आणि सरकारी पत्रक असं लिहिलेलं असते की मास्तरलाही दोनदा वाचावं लागते. हा दोष पोट्ट्यांचा नाही, आणि नुसतं मुलांना शहाणं करून तो भरून निघणार नाही, खरी माहिती वेळेवर आणि साध्या मराठीत देणं हे ऑफिसचं काम आहे आणि ते त्यांनी केलंच पाहिजे. पण केरळ काही फिनलंड नाही ना, तिथल्या कन्नूर जिल्ह्यात 2018 मध्येच सरकारी शाळांमधून फेक न्यूज ओळखायला शिकवायला सुरुवात झाली होती, आणि तिथली पोरं आपल्यासारखीच सरकारी शाळेतली.

म्हणून ग्रुपवर मी लिहिलं ते इथंही लिहितो. ठराव घ्यायचाच असेल तर असा घ्या की आपल्या जिल्हा परिषद शाळेत आनंददायी शनिवारचा एक तास ह्याला द्यायचा. नवीन पुस्तक नको, कॉम्प्युटर लॅब नको. त्या आठवड्यात गावच्या ग्रुपवर आलेले चार मेसेज गुरुजींनी फळ्यावर लिहायचे आणि पोट्ट्यांनी शोधायचं, हे कोणी म्हटलं, कधीचं आहे, दुसरीकडं कुठं आलं का, आणि ह्यात कोणाचा फायदा. फोटो असेल तर गूगल लेन्समध्ये टाकून पाहायचा, जुना तर नाही. कापूस निघायला लागला की पहिल्या तासाला सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस महामंडळ, ज्या हमीभावानं कापूस घेते तो भाव आणि यूट्यूबवरचा भाव शेजारी शेजारी लिहा, आणि त्या दिवशी बापांनाही शाळेत बसवा.