बूटेबल पेनड्राइव्हचा तो व्हायरल मेसेज आणि त्यातली गफलत

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून बूटेबल पेनड्राइव्ह, म्हणजे ज्यावरून लॅपटॉप सुरू करून विंडोज नव्याने टाकता येतं असा पेनड्राइव्ह, घरीच करायचा एक मेसेज या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: फॉरमॅट मारायला दुकानात पैसे घालवू नका. ३२ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, तो नंतर कशाच्याच कामाचा राहणार नाही. फॅट३२ (फाइली साठवायची एक जुनी पद्धत) मध्ये फॉरमॅट करा, आयएसओ फाइल (इन्स्टॉलरचं सगळं सामान एकाच फाइलीत) त्यावर कॉपी करा, बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट बंद करून लेगसी मोड लावा आणि खालच्या लिंकवरची 'अ‍ॅक्टिव्हेट करून दिलेली' विंडोज ११ टाका. फक्त सी ड्राइव्ह जातो, डी ला धक्का लागत नाही. डिस्क दिसलीच नाही तर हार्डडिस्क गेली समजा.

पहिल्या वाक्याशी माझं भांडण नाही. हे काम घरी जमतं, अवघडही नाही. पण पुढचे निम्मे सल्ले विंडोज ७ च्या काळातले आहेत. तेव्हा त्यातले काही बरोबरही होते, म्हणून ते आजही खरे वाटतात.

"आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर कॉपी करा"

नुसती फाइल टाकून लॅपटॉप चालू केलात तर काहीही होणार नाही. आजच्या मशीनमधलं यूईएफआय (जुन्या बायोसची जागा घेतलेली, मशीन सुरू करणारी यंत्रणा) पेनड्राइव्हवर ईएफआय नावाचा फोल्डर शोधतं, त्यात बूट नावाचा फोल्डर आणि त्याच्या आत बूटएक्स६४ डॉट ईएफआय ही फाइल. आयएसओच्या पोटात हे सगळं असतं, पण यूईएफआय स्वतःहून आयएसओ उघडून बघत नाही.

मग आयएसओ उघडून आतल्या फाइली कॉपी केल्या तर? हे खरंच चालतं, आणि मेसेजचं मूळ बहुधा इथेच असावं. अडचण फॅट३२ ची आहे. त्यात एक फाइल जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९५ बाइटची, म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी एवढीच मावते. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून उतरवलेल्या विंडोज ११ च्या आयएसओमध्ये सोर्सेस फोल्डरात इन्स्टॉल डॉट विम ही फाइल असते आणि ती ४ जीबीच्या वर जाते. बाकी सगळं सुरळीत कॉपी होतं आणि नेमकी हीच फाइल अडते. 'फाइल फार मोठी आहे' असा निरोप येतो. पेनड्राइव्हवर १५ जीबी जागा रिकामी दिसत असते, त्यामुळे माणूस चक्रावतो.

यावर प्रत्येक साधनाचा तोडगा वेगळा आहे. मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल विमऐवजी जास्त दाबून बसवलेली ईएसडी फाइल घेतं, ती ४ जीबीत मावते. रूफस हे दुसरं साधन एनटीएफएसचं (मोठ्या फाइली चालणारी विंडोजची पद्धत) पार्टिशन, म्हणजे ड्राइव्हचा वेगळा भाग, करतं आणि शेजारी एक अगदी चिमुकलं पार्टिशन ठेवतं, ज्याचं काम यूईएफआयला एनटीएफएस वाचायला मदत करणं एवढंच. व्हेंटॉय हे तिसरं साधन एकदा पेनड्राइव्हवर बसवलं की मात्र खरोखर आयएसओ नुसती कॉपी करायची, हव्या तितक्या, आणि बूट करताना यादीतून निवडायची. मेसेज लिहिणाऱ्याने कुणाच्या तरी व्हेंटॉयवाल्या पेनड्राइव्हवर हे पाहिलं असेल, तर व्हेंटॉयचं नाव तेवढं गाळलं. आणि रूफस 'हॅकिंगचं सॉफ्टवेअर' आहे असं या मेसेजखाली कुणी ना कुणी लिहितंच. ते २०११ पासूनचं ओपन सोर्स साधन आहे, कोड कुणालाही पाहता येतो. त्याच्या स्वतःच्या साइटवरून घ्या म्हणजे झालं.

"३२ जीबीचा लागतो आणि तो वाया जातो"

विंडोजला ८ जीबीचा पुरतो. लिनक्स मिंट या विंडोजऐवजी वापरायच्या सिस्टिमला तर ४ जीबीचाही चालतो.

वाया जाण्याची समजूत कुठून आली ते सांगता येतं. मीडिया क्रिएशन टूल ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर ३२ जीबीचंच पार्टिशन करतं, उरलेली जागा एक्सप्लोररमध्ये दिसत नाही. उबुंटू या दुसऱ्या लिनक्सची आयएसओ जशीच्या तशी लिहिली तर विंडोजला काही एमबीचं एक पार्टिशन तेवढं ओळखू येतं. दोन्ही वेळा ड्राइव्ह धडधाकट असतो. डिस्कपार्ट हे विंडोजमधलं डिस्क हाताळायचं कमांडचं साधन उघडा, 'लिस्ट डिस्क' देऊन आकारावरून पेनड्राइव्ह ओळखा, तो निवडा, 'क्लीन' द्या आणि नवं पार्टिशन करा. इथे चुकीचा डिस्क नंबर दिला तर लॅपटॉपची डिस्क साफ होईल, 'खात्री आहे का' असं डिस्कपार्ट विचारत बसत नाही.

"सिक्युअर बूट बंद, लेगसी चालू"

या मेसेजमधला सर्वांत नुकसानीचा सल्ला हा. सिक्युअर बूट म्हणजे ओळखीची डिजिटल सही असलेलं सॉफ्टवेअरच सुरू होऊ देणारी सोय, ती २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत आली. विंडोज ७ ला ते झेपत नव्हतं, म्हणून तेव्हा ते बंद करणं भागच होतं. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपला, सल्ला तसाच राहिला. विंडोज ११ चा इन्स्टॉलर मायक्रोसॉफ्टच्याच सहीचा आहे, त्याला सिक्युअर बूट कशाला अडवेल? उबुंटू, फेडोरा, डेबियन ही लिनक्सही सहीच्या बूटलोडरसह (सिस्टिम सुरू करणारा छोटा प्रोग्राम) येतात. आर्चसारख्या मोजक्या लिनक्ससाठी ते बंद करावं लागतं, पण आर्च टाकणारा माणूस असला मेसेज वाचून कामाला लागत नाही.

नुकसान कसं होतं ते पाहा. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्कचं एन्क्रिप्शन (किल्लीशिवाय माहिती वाचता न येणारं कुलूप) आपोआप चालू झालेलं असतं. मालकाला बिटलॉकर हे त्याचं नावही माहीत नसतं. त्याची किल्ली लॅपटॉपमधल्या टीपीएम या सुरक्षेच्या चिपकडे असते आणि सिक्युअर बूटची स्थिती बदलली की ती चिप किल्ली द्यायला नकार देते. मेसेज वाचून कुणी आधी बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करतो, पेनड्राइव्हवरून बूट होत नाही, 'जाऊ दे' म्हणून जुनं विंडोज उघडायला जातो, तर समोर निळा पडदा आणि ४८ अंकी रिकव्हरी की ची मागणी. फोटो, टॅली, सगळं आत. अशा वेळी घाबरून फॉरमॅट मारू नका. सिक्युअर बूट पुन्हा चालू करा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच लॅपटॉप पूर्वीसारखा उघडतो. नाही उघडला तर ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॅपटॉप सुरू केला होता त्यात दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करा, की तिथे साठवलेली असण्याची शक्यता मोठी.

लेगसीचं, म्हणजे यूईएफआयच्या आधीच्या बूट-पद्धतीचं, असं की नव्या अनेक लॅपटॉपमध्ये तो पर्यायच उरलेला नाही. जिथे आहे तिथे तो लावून बूट केलं तर सेटअप सांगतो की ही डिस्क जीपीटी (यूईएफआयसोबतची पार्टिशनची नवी पद्धत) प्रकारची आहे, इथे विंडोज बसणार नाही. खरा उपाय सोपा आहे: बूट मेन्यू उघडा. डेल आणि लेनोवोत बहुधा एफ१२, एचपीत एफ९. एकच पेनड्राइव्ह तिथे कधीकधी दोनदा दिसतो, त्यातला नावाआधी 'यूईएफआय' लिहिलेला निवडा.

"डी ड्राइव्हला धक्का लागत नाही"

हे आपल्याकडचं जुनं श्रद्धास्थान. दुकानदाराने एकाच एसएसडीचे सी आणि डी असे दोन भाग करून दिलेले असतात आणि घरातले सगळे फोटो 'सेफ' म्हणून डीमध्ये. सेटअपच्या पडद्यावर मात्र सी, डी ही अक्षरं नसतात. डिस्क ० पार्टिशन १, २, ३, ४ अशी ओळ दिसते आणि आकारावरून ओळखायचं. वरचा जीपीटीचा निरोप आला की लोक एकेक करत सगळी पार्टिशन डिलीट करतात, कारण यूट्यूबवाल्याने तसंच केलेलं असतं. त्यात डी पण गेला. नेमकं पार्टिशन ओळखून हात लावला तर डी राहतो, हे खरं. पण त्याच्या भरवशावर बॅकअप न घेणं म्हणजे शुद्ध जुगार.

"अ‍ॅक्टिव्हेट करून दिलेली विंडोज"

गरजच काय? मायक्रोसॉफ्टच्या साइटवर आयएसओ फुकट मिळते. विंडोजसकट घेतलेल्या लॅपटॉपची की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये असते किंवा लायसन्स त्या हार्डवेअरच्या नावाने मायक्रोसॉफ्टकडे नोंदलेलं असतं. तीच एडिशन (होम किंवा प्रो) टाका, सेटअपने की विचारली तर 'माझ्याकडे की नाही' निवडा, इंटरनेट लागलं की अ‍ॅक्टिव्हेशन आपोआप होतं.

अनोळखी लिंकवरच्या आयएसओत काय मिसळलंय ते तुम्हाला दिसणार नाही. अँटिव्हायरस सुरू होण्याआधीच ते मिसळलेले व्हायरस आत बसलेले असतात. हे अधिकृत साइटवरही घडलेलं आहे: २० फेब्रुवारी २०१६ ला लिनक्स मिंटची साइट फोडून १७.३ सिनॅमनच्या डाउनलोड लिंक बदलल्या गेल्या आणि लोकांनी मागचं दार (हल्लेखोराला गुपचूप आत येऊ देणारी वाट) असलेली आयएसओ उतरवली. म्हणून फाइल उतरली की तिचा हॅश, म्हणजे फाइलीच्या बोटाच्या ठशासारखा आकडा, साइटवर दिलेल्याशी जुळतो का ते तपासायचं. विंडोजमध्ये सर्टयुटिल कमांडने दोनेक मिनिटांत शा-२५६ प्रकारचा हॅश मिळतो. मायक्रोसॉफ्ट विंडोज ११ च्या आयएसओचे हॅश डाउनलोडच्या पानावरच देतं. मिंट हॅशच्या फाइलवर सहीही देतं, कारण साइटच फुटली तर तिथला हॅश बदलणं काय अवघड.

"डिस्क दिसली नाही तर हार्डडिस्क गेली"

या एका वाक्याने नवी एसएसडी विकली जाते. सकाळपर्यंत ज्या डिस्कवर विंडोज चालत होतं ती दुपारी सेटअपमध्ये दिसत नाही, म्हणजे ती मेली असं कसं? इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपमध्ये एसएसडी व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरमागे असते आणि त्याचा ड्रायव्हर इन्स्टॉलरमध्ये नसला तर यादी रिकामी येते. लॅपटॉप कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलच्या पानावरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घ्या, एक्सट्रॅक्ट करून तो फोल्डर त्याच पेनड्राइव्हवर टाका. ड्रायव्हरची उतरवलेली एक्सई फाइल तशीच ठेवली तर सेटअपला ती वाचता येत नाही, आत आयएनएफ फाइल दिसायला हवी. मग त्याच रिकाम्या यादीखालचं 'लोड ड्रायव्हर' दाबा, फोल्डर दाखवा, आणि डिस्क यादीत येते.